तिन्ही प्लॅटफॉर्मसाठी एकच इन्स्टॉलर टूल शोधताय? आधी फोल्डर नीट करा

प्रश्न थोडक्यात असा आहे: सी प्लस प्लस आणि एसडीएल ह्या गेमसाठीच्या लायब्ररीत लिहिलेला ओपन सोर्स स्ट्रॅटेजी गेम, बिल्ड सीमेकवर (कोडवरून प्रोग्रॅम तयार करायचं टूल), डेटा साधारण ७०० एमबी, टीम छोटी, पैसे जवळजवळ नाहीतच, आणि गेम विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे द्यायचाय. तर इन्स्टॉलबिल्डर, इझपॅक, क्यूटी इन्स्टॉलर फ्रेमवर्क, एनएसआयएस यातलं कुठलं एक टूल घ्यावं म्हणजे तिन्हीकडचं काम एका फटक्यात उरकेल.

माझं उत्तर एका ओळीत द्यायचं तर असं एक टूल शोधूच नका. मिळत नाही असं नाही, मिळतं, पण मिळाल्यावर तीनपैकी दोन ठिकाणी ते लोकांना नकोसं असतं. मॅकवाल्याला डीएमजी, म्हणजे मॅकची डिस्क इमेज फाइल, उघडून आयकॉन ॲप्लिकेशन्समध्ये ओढायची सवय आहे, लिनक्सवाल्याला सॉफ्टवेअर सेंटरमधून किंवा टर्मिनलवरून घ्यायची, नेक्स्ट-नेक्स्ट-फिनिश हा प्रकार फक्त विंडोजवाल्यांच्या अंगवळणी पडलाय. लिनक्सवर कुणाला विझार्ड उघडून दिलात तर तो आधी संशयाने बघणार आणि मग हे अनइन्स्टॉल कुठून करायचं म्हणून तुमच्या बग ट्रॅकरवर येऊन विचारणार.

तरी तुम्ही नावं घेतलीयत म्हणून एकेक बघून टाकू. इन्स्टॉलबिल्डर हे बिटरॉक कंपनीचं टूल, २०१९ मध्ये ती कंपनी व्हीएमवेअरने घेतली. टूल म्हणून चांगलं आहे, एकाच मशीनवरून सगळ्या प्लॅटफॉर्मचे इन्स्टॉलर काढता येतात आणि ओपन सोर्स प्रोजेक्टना फुकट लायसन्स द्यायची पद्धतही आहे. पण टूल स्वतः क्लोज्ड आहे, म्हणजे तुमचा सगळा कोड मोकळा आणि शेवटची पायरी मात्र कुणाकडे तरी असलेल्या लायसन्स फाइलवर अडकलेली, ज्याच्याकडे ती फाइल आहे तो माणूस उद्या नोकरीत बिझी झाला की रिलीज लटकली. ओपन सोर्समध्ये हे फार वेळा होतं. इझपॅक २००१ पासूनचं, जावावाल्यांसाठी उत्तम, पण त्याला खेळणाऱ्याच्या मशीनवर जावा लागतं आणि तुमचा गेम सी प्लस प्लसचा, मग उगाच जावा कशाला मागायचं. क्यूटी इन्स्टॉलर फ्रेमवर्क मला यातल्या त्यात बरं वाटतं, ओपन सोर्स आहे, ऑनलाइन रिपॉझिटरी ठेवून कंपोनंट वेगवेगळे उतरवता येतात, एचडी टेक्श्चरचा वेगळा पॅक, आवाजांचा वेगळा पॅक अशी गरज असेल तर विचार करा. पण नुसता एक गेम एका जागी ठेवायचा असेल तर ते फार जड पडतं, आणि लिनक्सवर ते जे काही टाकतं त्याची तिथल्या पॅकेज मॅनेजरला (सॉफ्टवेअर टाकणाऱ्या-काढणाऱ्या सिस्टिमला) गंधवार्ता नसते.

एनएसआयएस मुळात फक्त विंडोजचेच इन्स्टॉलर बनवतं, ते ह्या यादीत कसं आलं ते कळतं, कारण ते टूल स्वतः चालतं सगळीकडे. त्यावर पुढे येतो.

अजून एक नाव तुम्ही घेतलं नाहीत पण कुणीतरी सुचवेलच, मोजोसेटअप. रायन गॉर्डनचं आहे, आणि जीओजी ह्या गेम विकणाऱ्या साइटवरून लिनक्सचा गेम उतरवला तर जो इन्स्टॉलर उघडतो तो हाच. त्याच्या मागे जुना इतिहास आहे. १९९८ मध्ये लोकी नावाची कंपनी निघाली होती, विंडोजचे गेम लिनक्सवर आणून विकायची, २००२ च्या सुरुवातीला ती बंद पडली पण तिथल्या लोकांनी बनवलेली मेकसेल्फसारखी टूल्स आजही वापरात आहेत, एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची ती डॉट रन फाइल त्याच जातीची. पण हे सगळं क्लोज्ड गेम विकणाऱ्यांची सोय म्हणून आलं, त्यांचा सोर्स डिस्ट्रोला (डेबियन, उबुंटू अशा लिनक्सच्या आवृत्त्या काढणाऱ्यांना) देता येत नव्हता म्हणून स्वतःच सगळं गुंडाळून द्यावं लागायचं. तुमचा सोर्स उघडा आहे, तुम्हाला ही अडचणच नाहीये.

आता मुद्द्याचं. इन्स्टॉलर हा सगळ्यात वरचा पापुद्रा आहे. त्याच्या खाली एक फोल्डर पाहिजे जो कुठेही ठेवला, कुठल्याही नावाने ठेवला, पेन ड्राइव्हवर ठेवला, तरी डबल क्लिक केल्यावर गेम चालू झाला पाहिजे. असा फोल्डर तयार झाला की इन्स्टॉलर म्हणजे एक-दोन दिवसांचं काम उरतं, आणि तो तयार नसेल तर जगातलं कुठलंही टूल घ्या, रडायचंच आहे.

ह्यासाठी कोडमध्ये दोन गोष्टी लागतात. एक, गेमचा डेटा शोधताना चालू डिरेक्टरीवर विसंबायचं नाही, एक्झिक्युटेबल जिथे आहे तिथून शोधायचं, एसडीएलमध्ये गेट बेस पाथ नावाचं फंक्शन त्यासाठीच आहे. दोन, सेव्ह गेम, सेटिंग, लॉग, स्क्रीनशॉट यातलं काहीही गेमच्या फोल्डरमध्ये लिहायचं नाही, गेट प्रेफ पाथ वापरायचं, ते विंडोजवर ॲपडेटामध्ये, मॅकवर लायब्ररीच्या ॲप्लिकेशन सपोर्टमध्ये आणि लिनक्सवर होममधल्या डॉट लोकल शेअरमध्ये बरोबर नेऊन ठेवतं. दुसरा नियम मोडला तर चारही ठिकाणी मार बसतो: प्रोग्रॅम फाइल्समध्ये साध्या युजरला लिहिता येत नाही, लिनक्सवर ॲपइमेज (सगळा प्रोग्रॅम एकाच फाइलमध्ये) रीड-ओन्ली माउंट होतं, फ्लॅटपॅकमध्ये (सगळ्या डिस्ट्रोंवर चालणारं पॅकेज) गेम असतो तो भाग रीड-ओन्ली, आणि मॅकवर डाउनलोड्समधूनच ॲप चालवलं तर सिस्टिम ते गुपचूप कुठल्यातरी भलत्याच रीड-ओन्ली पाथवरून चालवते. विंडोजची अजून एक मजा आहे, जुन्या ३२ बिट प्रोग्रॅमने प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहायचा प्रयत्न केला तर विंडोज ते गुपचूप व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरला वळवतं आणि सगळं चालल्यासारखं वाटतं, मग तुम्ही ६४ बिट बिल्ड काढता आणि अचानक ॲक्सेस डिनाइड यायला लागतं, लोक म्हणतात नवीन व्हर्जनने माझे सेव्ह खाल्ले. खाल्लेले नसतात, ते व्हर्च्युअलस्टोअरमध्ये पडलेले असतात.

डेटा शोधायची जागा बिल्ड करताना बदलता येईल असा एक ऑप्शनही ठेवा. डेबियनवाले गेम यूएसआर गेम्समध्ये आणि डेटा यूएसआर शेअर गेम्समध्ये ठेवतात, त्यांना तुमच्या कोडला पॅच मारायला लावू नका. सीमेकमध्ये इन्स्टॉलचे नियम नीट लिहा, लिनक्सवर आरपाथ ओरिजिनला लावा म्हणजे लायब्ररी बायनरीच्या जागेवरूनच शोधल्या जातात, विंडोजवर लागणारे सगळे डीएलएल (लायब्ररी फाइली) बाजूला येऊन बसतील असं करा. एमएसव्हीसीने, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने, बिल्ड करत असाल तर व्हिज्युअल सी प्लस प्लसचे रनटाइम डीएलएलसुद्धा गेमच्याच फोल्डरमध्ये टाका, रीडिस्ट्रिब्युटेबल वेगळा चालवायला लावलात की ॲडमिन पासवर्ड मागितला जातो आणि निम्मे लोक तिथेच कटतात.

हा फोल्डर झिप करून टाकला की तुमची पहिली रिलीज झाली, खरंच झाली. झोनोटिक वर्षानुवर्षं हेच करतं, एकच मोठी झिप, तिच्यात विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींच्या बायनरी, ज्याला जी हवी ती चालवा. लुआंटी, म्हणजे पूर्वीचं माइनटेस्ट, तेही विंडोजवर बरीच वर्षं झिपवर सुखाने चाललं. इन्स्टॉलर नाही म्हणून लोकांनी ते खेळायचं सोडलं नाही.

विंडोजकडे वळू, कारण डाउनलोड बहुतेक तिकडूनच येणार आणि टूल निवडायचा खरा प्रश्न तिथेच आहे.

ओपन सोर्स गेममध्ये सगळ्यात जास्त दिसणारं टूल एनएसआयएस. झिरो ए.डी., बॅटल फॉर वेसनॉथ, सुपरटक्सकार्ट, ओपनटीटीडी, ओपनआरए, सगळ्यांचा विंडोज इन्स्टॉलर त्याच्यावर. विनॅम्प बनवणाऱ्या नलसॉफ्टने ते स्वतःसाठी बनवलं होतं, नावातला पहिला एन त्यांचाच. ह्याच्या लोकप्रियतेचं कारण अगदी व्यवहारी आहे, त्याचा कंपायलर लिनक्सवर नेटिव्ह चालतो. डेबियनमध्ये पॅकेज आहे, इन्स्टॉल करा, स्क्रिप्ट द्या, सेटअप ईएक्सई तयार, विंडोज मशीन समोर नसतानाही. ज्या प्रोजेक्टचे सगळे डेव्हलपर लिनक्सवर आहेत आणि विंडोज बिल्ड मिनजीडब्ल्यू ह्या कंपायलरने क्रॉस कंपाइल होतं, म्हणजे लिनक्सवर बसूनच तयार होतं, त्यांना दुसरं काही परवडतच नाही.

पण त्याची भाषा. स्टॅकवर पुश करा, पॉप करा, व्हेरिएबलची नावं डॉलर शून्य, डॉलर एक. साधी अट लिहायची तर लेबलवर उड्या मारायच्या, नाहीतर मॅक्रो लायब्ररी जोडायच्या. स्टार्ट मेनूतला शॉर्टकट, कंट्रोल पॅनलच्या यादीत नाव यावं म्हणून रजिस्ट्रीतल्या नोंदी, जुनं व्हर्जन ओळखून काढणं, सगळं हाताने लिहायचं. आणि अनइन्स्टॉलर पण तुम्हीच लिहायचा, तिथे खरा धोका आहे. इंटरनेटवरची निम्मी उदाहरणं शेवटी इन्स्टॉल फोल्डर आतल्या सगळ्यासकट उडवून टाका अशी एक ओळ लिहून मोकळी होतात. आता समजा कुणी इन्स्टॉल करताना फोल्डर म्हणून नुसतं डी ड्राइव्हचं गेम्स फोल्डर निवडलं, आत त्याचे दुसरे दहा गेम आहेत, आणि महिन्याभराने तुमचा गेम काढला. गेलं सगळं. एनएसआयएसच्या मॅन्युअलमध्ये ह्याबद्दल इशारा लिहिलेला आहे पण मॅन्युअल वाचतंय कोण. एनएसआयएस वापरणारच असाल तर बिल्डच्या वेळी फाइलींची यादी जनरेट करा आणि अनइन्स्टॉलरने फक्त त्या यादीतल्याच फाइली काढाव्यात, फोल्डर रिकामा असेल तरच काढावा.

इनो सेटअपमध्ये ही भानगडच नाही. जॉर्डन रसेलचं हे टूल १९९७ पासून आहे, डेल्फीत लिहिलेलं, आणि त्याची स्क्रिप्ट म्हणजे बरीचशी आयएनआय फाइल: फाइली ह्या, शॉर्टकट हे, भाषा ह्या. काय काय टाकलं त्याची नोंद ते स्वतः ठेवतं आणि काढताना तेवढंच काढतं. अपग्रेडसाठी एक ॲप आयडी असतो, तो पहिल्या रिलीजला ठरवा आणि परत कधी हात लावू नका, नवीन व्हर्जन जुन्याच्या जागी बरोबर जाऊन बसतं. जे काही वेगळं करायचं त्यासाठी पास्कल स्क्रिप्ट आहे, आणि बहुतेक गेमना ती लागतही नाही. स्कमव्हीएम आणि फ्लाइटगिअर हे वापरतात. तोटा एकच, कंपायलर विंडोजचा आहे, लिनक्सवर वाइनमधून चालवावा लागतो, चालतो तसा व्यवस्थित. पण आता गिटहब ॲक्शन्सवर विंडोज रनर, म्हणजे आपोआप बिल्ड करणारं विंडोज मशीन, फुकट मिळतो त्यामुळे हा तोटा पूर्वीइतका राहिलेला नाही.

तुमच्या केसमध्ये मी इनो घेईन. सगळा प्रोजेक्ट लिनक्सवरून क्रॉस कंपाइल होत असेल आणि विंडोज रनरला हात लावायची इच्छाच नसेल तर एनएसआयएस. साइझचंही लक्षात ठेवा, एनएसआयएसच्या एका इन्स्टॉलरला साधारण दोन जीबीची मर्यादा आहे, आज ७०० एमबी आहे म्हणून चालेल, पण आर्टिस्ट मंडळी उत्साही असली की डेटा फुगतो. गिटहब रिलीजवरही एक फाइल दोन जीबीच्या आत लागते.

विक्स आणि एमएसआय ह्या वाटेला जाऊ नका (एमएसआय हा विंडोजचा स्वतःचा इन्स्टॉलर प्रकार, विक्स तो बनवायचं टूल). विक्स मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये ओपन सोर्स केलं, मायक्रोसॉफ्टच्या अगदी सुरुवातीच्या ओपन सोर्स गोष्टींपैकी ते एक, आणि ऑफिसातल्या पाचशे मशीनवर ग्रुप पॉलिसीने सॉफ्टवेअर ढकलायचं असेल तर एमएसआयला पर्याय नाही. पण कंपोनंट, जीयूआयडी आणि अपग्रेडचे नियम शिकण्यात जो वेळ जाईल त्यात तुमच्या गेममधलं एआय सुधारेल. गेमला त्याचा काही उपयोग नाही.

सीमेक आहे म्हणजे त्याच्यासोबतचं पॅकेज बनवणारं सीपॅक आलंच, आणि बरेच जण म्हणतील की मग तेच वापर ना, एनएसआयएस, विक्स, डीएमजी, डेब आणि आरपीएम ही लिनक्सची पॅकेजं, सगळं एका कमांडने. ३.२७ पासून इनोसाठीही जनरेटर आलाय. सुरुवातीला छान वाटतं. मग कुणीतरी म्हणतं डेस्कटॉप शॉर्टकटचा चेकबॉक्स हवा, दुसरा म्हणतो मल्टिप्लेअरची लिंक क्लिक केल्यावर गेम उघडावा, आणि तुम्ही सीपॅकचं एनएसआयएस टेम्प्लेट आपल्या रेपोत कॉपी करून त्यात खाडाखोड करायला लागता, म्हणजे शेवटी एनएसआयएस लिहिणं चुकलं नाहीच, वर सीपॅकचे एस्केपिंगचे स्लॅश मोजत बसणं आलं. मी सीपॅक झिप आणि टारसाठी वापरतो, विंडोजची स्क्रिप्ट हाताने लिहितो.

इन्स्टॉल कुठे करायचं हे टूलइतकंच महत्त्वाचं आहे. मी म्हणेन डिफॉल्ट पर-युजर ठेवा. झिरो ए.डी. तेच करतं, युजरच्या लोकल ॲपडेटामध्ये जातं आणि ॲडमिन पासवर्ड मागत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये, हॉस्टेलवर मित्राच्या लॅपटॉपवर, घरी मोठ्या भावाने पासवर्ड लावलेल्या पीसीवर, ओपन सोर्स गेम खेळणारे बरेच जण असेच असतात. इनोमध्ये प्रिव्हिलेजेस लोएस्ट एवढी एक सेटिंग आहे. एका मशीनवर चार युजर असतील तर चार वेळा ७०० एमबी जाणार, ते मान्य, त्यांच्यासाठी ऑल युजर्सचा पर्याय ठेवा. आणि इन्स्टॉलरमधून फायरवॉलमध्ये नियम घुसवू नका, त्याला ॲडमिन लागतो, पहिल्यांदा सर्व्हर चालू केल्यावर विंडोज स्वतःच विचारतं.

जाता जाता, जीपीएल ह्या ओपन सोर्स लायसन्सचं पान दाखवून आय ॲग्री दाबायला लावणं बंद करा राव. जीपीएल व्हर्जन तीनमध्ये स्वच्छ लिहिलंय की प्रोग्रॅम नुसता घ्यायला किंवा चालवायला लायसन्स मान्य करायची गरज नाही, ते वाटणाऱ्या-बदलणाऱ्यासाठी आहे. एनएसआयएसमध्ये त्या बटणाचा मजकूर बदलता येतो, इनोमध्ये लायसन्स फाइलऐवजी माहितीचं पान लावता येतं.

आता साइनिंग, म्हणजे फाइल कुणाची आहे ते सांगणारी डिजिटल सही. इथे फुकटात फार काही मिळत नाही. सही नसलेला इन्स्टॉलर उतरवून चालवला की स्मार्टस्क्रीनची, म्हणजे विंडोजच्या सुरक्षा तपासणीची, निळी खिडकी येते, मोअर इन्फो दाबल्याशिवाय रन एनीवे दिसतच नाही. फाइलची ओळख वाढत गेली की खिडकी कमी होते पण नवीन रिलीज म्हणजे नवीन फाइल, पुन्हा पहिल्यापासून. पूर्वी सर्टिफिकेट विकत घेऊन फाइल सीआयच्या (आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरच्या) सीक्रेटमध्ये ठेवायची एवढंच होतं, जून २०२३ पासून नियम असा की साध्या कोड साइनिंग सर्टिफिकेटची प्रायव्हेट की पण हार्डवेअर टोकनवर किंवा एचएसएममध्येच (की सांभाळणारं सुरक्षित उपकरण) पाहिजे. जगभर पसरलेल्या टीममध्ये टोकन कुणाच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचं हा आता खरा प्रश्न झालाय. साइनपाथ फाउंडेशन ओपन सोर्स प्रोजेक्टना फुकट साइनिंग करून देतं, अटी आहेत, बिल्ड सीआयवर तपासता येईल असं झालं पाहिजे वगैरे, पण अर्ज जरूर करा. सर्टिफिकेटवर नाव त्यांचं येतं, चालतंय.

अँटिव्हायरसची खोटी बोंब हा दुसरा ताप. एनएसआयएसचा स्टब, म्हणजे प्रत्येक इन्स्टॉलरच्या सुरुवातीला असणारा तोच कोड, व्हायरसवाल्यांनाही आवडतो त्यामुळे कधीकधी निष्पाप इन्स्टॉलरवर शिक्का बसतो. यूपीएक्स ह्या टूलने ईएक्सई आणखी दाबायचा मोह टाळा, त्याने शिक्के वाढतात. शिक्का बसलाच तर मायक्रोसॉफ्टकडे फाइल तपासणीला पाठवायची सोय आहे, ती वापरा. आणि कॉम्प्रेशनच्या सेटिंगवर डोकं आपटू नका, तुमचा डेटा बहुतेक ऑग, पीएनजी असा आधीच दाबलेला असणार, एलझेडएमए कॉम्प्रेशन अजून किती दाबणार त्याला.

इन्स्टॉलर तयार झाला की विंगेट ह्या मायक्रोसॉफ्टच्या पॅकेज मॅनेजरच्या रिपॉझिटरीत मॅनिफेस्ट, म्हणजे माहितीची फाइल, पाठवून द्या. विंगेटला इनो आणि एनएसआयएस दोन्ही ओळखता येतात, न विचारता इन्स्टॉल करायचे स्विच त्याला माहीत असतात. एनएसआयएसचा सायलेंट स्विच कॅपिटल एस आहे, लहान एस दिला तर विझार्ड उघडतो आणि माणूस चक्रावतो.

मॅकवर टूलचा प्रश्न नाहीच, पैशाचा आहे. ॲपलचा डेव्हलपर प्रोग्रॅम वर्षाला ९९ डॉलर. ते भरले की सही, मग नोटरायझेशन, म्हणजे फाइल ॲपलकडे पाठवायची, ते तपासून तिकीट देतात, ते डीएमजीला चिकटवायचं. कॅटालिनापासून, म्हणजे २०१९ पासून, हे नसेल तर गेटकीपर, म्हणजे मॅकची सुरक्षा तपासणी, अडवते. पूर्वी कंट्रोल दाबून क्लिक केलं की ओपन म्हणता यायचं, २०२४ च्या सिक्वोयामध्ये तेही काढलं, आता सिस्टिम सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीच्या पानावर जाऊन परवानगी द्यावी लागते. रीडमीमध्ये हे चित्रासकट लिहून ठेवता येतं, पैसे नसतील तर तेवढंच हातात आहे. एम सीरिजच्या मॅकवर अजिबात सही नसलेली बायनरी चालतच नाही, निदान ॲड-हॉक सही लागते, ती फुकट आहे.

सही करताना आतून बाहेर जायचं, आधी आतल्या डायलिब (मॅकच्या लायब्ररी फाइली), मग ॲप, मग डीएमजी. डीप नावाचा ऑप्शन सगळं एकदम करतो म्हणून लोक वापरतात, ॲपलच तो वापरू नका म्हणतं. मॅक हाताशी नसेल तर आरकोडसाइन नावाचं ओपन सोर्स टूल आहे, त्याने लिनक्सवरून सही आणि नोटरायझेशन दोन्ही होतं. इंटेल आणि एम सीरिजसाठी दोन बिल्ड करून ॲपलच्या लायपो ह्या टूलने जोडा, खेळणाऱ्याला स्वतःचा चिप कुठला ते माहीत नसतं.

मॅकवरचा एक खड्डा मात्र सांगतोच, कारण सगळे त्यात पडतात. होमब्रू ह्या मॅकच्या पॅकेज मॅनेजरवरून एसडीएल वगैरे लायब्ररी घेऊन ॲपमध्ये टाकल्या तर त्या तुमच्या मशीनवर जी मॅक ओएस आहे त्याच व्हर्जनसाठी बिल्ड झालेल्या असतात. तुमचं मशीन ताजं, खेळणाऱ्याचं चार वर्षं जुनं, त्याच्याकडे गेम उघडताक्षणी पडणार. डेव्हलपमेंटसाठी होमब्रू ठीक, रिलीजसाठी लायब्ररी स्वतः बिल्ड करा आणि डिप्लॉयमेंट टार्गेट, म्हणजे चालणारी सगळ्यात जुनी मॅक ओएस, खालचं ठेवा.

ॲप स्टोअरचा विचार करू नका. २०११ च्या जानेवारीत व्हीएलसी आयफोनच्या स्टोअरमधून निघालं ते जीपीएल आणि स्टोअरच्या अटी जुळत नाहीत ह्याच वादावरून. तुमच्या कोडमध्ये वीस जणांचे पॅच असतील तर त्यातल्या कुणीही हरकत घेऊ शकतो.

लिनक्स. इथे लोक डेब की आरपीएम म्हणून भांडत बसतात, तुम्ही त्यात पडू नका. फ्लॅटहब ह्या फ्लॅटपॅकच्या स्टोअरवर फ्लॅटपॅक द्या, आणि सोबत एक ॲपइमेज किंवा साधं टार. डिस्ट्रोचं पॅकेज डिस्ट्रोवाल्यांना करू द्या.

फ्लॅटपॅक पहिलं का, तर रनटाइम ठरलेला असतो, ग्लिबसीची (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) कटकट नाही, अपडेट आपोआप जातात, आणि स्टीम डेक ह्या हातातल्या कन्सोलच्या डेस्कटॉप मोडमध्ये डिस्कव्हर हे सॉफ्टवेअर सेंटर उघडलं की फ्लॅटहबच दिसतं. मॅनिफेस्ट लिहायला सोपा आहे. वेळ जातो तो मेटाइन्फो फाइलमध्ये: वर्णन, स्क्रीनशॉट, कंटेंट रेटिंग, रिलीजच्या नोंदी. ती फाइल, डेस्कटॉप फाइल आणि आयकॉन हे तुमच्याच रेपोत ठेवा, ॲपइमेजला आणि डिस्ट्रोलाही तेच लागतं.

ॲपइमेज आणि टारमध्ये ग्लिबसी आडवं येतं. नव्या डिस्ट्रोवर बिल्ड केलेली बायनरी जुन्यावर चालत नाही, उलटं चालतं. उबुंटू २२.०४ वर बिल्ड केलंत तर ग्लिबसी २.३५ आलं, डेबियन ११ वर २.३१ आहे, तिथला माणूस व्हर्जन नॉट फाउंड बघून परत जाणार. म्हणून जमेल तितक्या जुन्या डिस्ट्रोच्या कंटेनरमध्ये किंवा स्टीमच्या रनटाइम कंटेनरमध्ये बिल्ड करा. ॲपइमेजमध्ये अजून एक मेख, त्याच्या जुन्या रनटाइमला लिबफ्यूज दोन ही लायब्ररी लागते आणि उबुंटू २२.०४ पासून ते आधीपासून टाकलेलं नसतं. डबल क्लिक केलं की काहीच होत नाही, एररसुद्धा नाही. नवा स्टॅटिक रनटाइम वापरून ॲपइमेज बनवा म्हणजे हा प्रश्न जातो.

डिस्ट्रोवाल्यांसाठी काम कमी पण नेमकं आहे. रिलीजला नंबर लावलेलं सोर्स टारबॉल, आत कॉपी करून ठेवलेल्या लायब्ररी बंद करता येतील असा सीमेक ऑप्शन, आणि प्रत्येक चित्र, प्रत्येक आवाज कुणाचा आणि कुठल्या लायसन्सचा ह्याची नोंद. ही नोंद नसेल तर डेबियनमध्ये गेम अडकतो, कोड कितीही चांगला असू दे, नेटवरून कुठूनतरी घेतलेला एक तलवारीचा आवाज पुरतो. डेटा वेगळा इन्स्टॉल होईल अशी सोय असली तर ते खूष, झिरो ए.डी.चं बघा, डेबियनमध्ये गेमचं एक पॅकेज आणि डेटाचं वेगळं, कारण डेटा सगळ्या प्रोसेसरना तोच असतो, प्रत्येकासाठी पुन्हा कशाला साठवायचा.

इच आणि स्टीम ह्या गेमच्या स्टोअरवर टाकणार असाल तर तिथे इन्स्टॉलर द्यायचाच नसतो, मोकळा फोल्डर द्यायचा. इचचं बटलर नावाचं कमांड लाइन टूल फोल्डर घेतं आणि पुढच्या वेळी फक्त फरक पाठवतं, ७०० एमबीच्या गेमला घरच्या नेटवर हे फार सोयीचं पडतं. स्टीमला एकदा १०० डॉलर भरावे लागतात, ओपनटीटीडी २०२१ पासून तिथे आहे. फक्त स्टीमवर्क्सची क्लोज्ड लायब्ररी जीपीएल कोडला जोडायला जाऊ नका, ॲचिव्हमेंटशिवाय गेम मरत नाही.

ऑटो अपडेटर स्वतः लिहायची हुक्की येईल. अनव्हॅन्क्विश्ड ह्या ओपन सोर्स गेमने स्वतःचा अपडेटर केलाय आणि चालतोय, पण तो म्हणजे सांभाळायला दुसरा एक प्रोजेक्टच. फ्लॅटहब, इच, स्टीम, विंगेट हे सगळे अपडेट देतात, उरलेल्यांना मेन मेनूत नवीन व्हर्जन आलंय एवढी ओळ पुरे, आणि तीसुद्धा बंद करता आली पाहिजे. मॅप, मोहिमा, आवाजांचे जास्तीचे पॅक गेमच्या आतून उतरवता येतील असं केलंत तर मूळ डाउनलोडही लहान राहील, वेसनॉथचे ॲड-ऑन आणि ओपनटीटीडीचे ग्राफिक्स सेट असेच येतात.

शेवटी टेस्टिंग, आणि डेव्हलपरच्या मशीनवर केलेलं टेस्टिंग धरू नका, तिथे सगळे डीएलएल आधीच पडलेले असतात. विंडोज प्रो असेल तर विंडोज सँडबॉक्स चालू करा, दरवेळी कोरी विंडोज मिळते, होम एडिशनवर नाहीये ते, तिथे व्हीएम. इन्स्टॉल, खेळा, सेव्ह करा, वरून नवीन व्हर्जन टाका, सेव्ह उघडतंय का बघा, मग अनइन्स्टॉल करून मागे काय उरलं ते बघा. सेव्ह गेम उरलेच पाहिजेत, विचारल्याशिवाय ते उडवायचे नाहीत.

आणि एक टेस्ट परदेशातले डेव्हलपर करत नाहीत, ती आपणच करायची. विंडोजवर देवनागरी नावाने लोकल अकाउंट काढा, मध्ये स्पेस ठेवून, म्हणजे युजरचं फोल्डरच त्या नावाचं होतं. आता पर-युजर इन्स्टॉल करून गेम चालवा. फाइल उघडायला सी मधलं साधं एफओपन वापरलं असेल तर पाथमध्ये प्रश्नचिन्हं येऊन डेटा सापडणार नाही. रशियन किंवा जपानीवाल्याला निदान सिस्टिम लोकेल बदलून वेळ मारून नेता येते, त्यांच्या भाषांना जुनी कोडपेज, म्हणजे युनिकोडच्या आधीचे अक्षरांचे तक्ते, आहेत. विंडोजमध्ये मराठीला सिस्टिम लोकेलमध्ये लावता येईल असं कोडपेज कधी दिलेलंच नाही, युनिकोड सोडून वाटच नाही, त्यामुळे हा बग आपल्याकडे शंभर टक्के पकडला जातो. उपाय सोपा आहे, फाइली एसडीएलच्या फंक्शनने उघडा, ती यूटीएफ आठ घेतात, किंवा ईएक्सईच्या मॅनिफेस्टमध्ये ॲक्टिव्ह कोडपेज यूटीएफ आठ लिहा, विंडोज १० च्या १९०३ पासून चालतं. एनएसआयएस असेल तर स्क्रिप्टच्या वरच युनिकोड ट्रू ही ओळ आहे का तेही बघून घ्या, जुन्या उदाहरणांवरून उचललेल्या स्क्रिप्टमध्ये ती हमखास नसते.